आधी टाकी मुरू द्या

हौसेनं काचेची नवी टाकी आणावी, पुसून लख्ख करावी, नळाचं स्वच्छ पाणी भरावं, कुर्ल्याच्या बाजारातून आणलेले गोल्डफिश सोडावेत आणि आठवड्याभरात एकेक मासा पोट वर करून तरंगू लागावा, असं पुष्कळ घरांत घडलेलं आहे. पाणी तर नितळ असतं. दुकानदार म्हणतो, ‘पाणी बदला.’ पाणी बदललं, टाकी पुन्हा घासली, तरी माशांची दुसरी खेपही त्याच वाटेनं जाते. उलट गावाकडच्या जुन्या विहिरीत कोणी कधीकाळी सोडलेले मासे वर्षानुवर्षं मजेत फिरत असतात. तिथं पाण्याला हिरवट रंग, भिंतींना शेवाळ, तळाला गाळ. ते पाणी कोणी बदलत नाही आणि मासेही मरत नाहीत.

नितळ पाण्यात मासा मरतो आणि गढूळ पाण्यात जगतो, हे कोडं सुटलं की ॲक्वापॉनिक्स समजलंच म्हणायचं. हा प्रकार दिसायला अगदी सोपा आहे. खाली माशांची टाकी, वर खडीनं भरलेला वाफा, वाफ्यात पालक किंवा माठ. छोटा पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवतो, ते खडीतून झिरपून परत टाकीत येतं. माती नाही, खत नाही. माशांना खायला घालायचं आणि भाजी खुडायची. अंबरनाथच्या मोरिवली, चिखलोली, आनंदनगर या औद्योगिक पट्ट्यांच्या आसपास राहणाऱ्याला तर निळे पिंप, पीव्हीसीचे पाइप, काळी खडी, कूलरचे पंप असं सगळं सामान चालत जाऊन आणता येतं. म्हणून पुष्कळजण एका रविवारी मांडणी करतात, त्याच संध्याकाळी मासे सोडतात आणि पुढच्या रविवारपर्यंत प्रयोग आटोपलेला असतो. पाइपाची जोडणी चुकलेली नसते. चुकतो तो क्रम.

माशाच्या कल्ल्यातून काय बाहेर पडतं?

माशांच्या खाद्यात प्रथिनं भरपूर असतात. चांगल्या खाद्यात शेकडा तीसच्या आसपास. प्रथिनाच्या वजनाचा साधारण सहावा भाग नायट्रोजन असतो. मासा त्यातला पाव ते तिसरा हिस्सा अंगी लावतो. उरलेल्यापैकी थोडा विष्ठेतून जातो आणि बराचसा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात मिसळतो. अमोनियाला रंग नाही. पाण्यात कितीही साचला तरी पाणी नितळच दिसतं.

हिशेब मांडून पाहू. दोनशे लिटरच्या टाकीत दिवसाला २५ ग्रॅम खाद्य टाकलं. त्यात प्रथिनं झाली ८ ग्रॅम आणि नायट्रोजन सव्वा ग्रॅमच्या थोडा वर. त्यातला निम्म्याहून अधिक विरघळून पाण्यात आला, तर रोज प्रत्येक लिटरमागे सुमारे साडेतीन मिलिग्रॅमची भर पडते. माशांसाठी एकूण अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असलेला बरा. म्हणजे पहिल्याच दिवशी ही मर्यादा कितीतरी ओलांडली जाते. मासे आठवडाभर तग धरतात ते सुरुवातीला खाद्य कमी पडतं म्हणून.

इथं पाण्याचा आम्ल-अल्कली गुण, म्हणजे पीएच, फार महत्त्वाचा ठरतो. ७ म्हणजे मधला आकडा. त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं जहाल. पीएच ७ असताना जहाल रूप शेकड्यात एकही भरत नाही. पीएच ८ झाला की ते पाच-सहा होतं आणि ९ ला तिसाच्या वर जातं. त्यामुळे नव्या सिमेंटच्या हौदात मासे जास्त झपाट्यानं मरतात. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पीएच चढतो आणि तेवढाच अमोनिया कितीतरी विषारी होतो.

पॅरिसमधली वाळूची नळी

मग जुन्या विहिरीत हा अमोनिया जातो कुठं? त्याचं उत्तर १८७७ साली पॅरिसमध्ये मिळालं. श्लॉसिंग आणि म्युन्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका उभ्या नळीत भाजून घेतलेली वाळू आणि थोडी खडूची पूड भरली आणि वरून गटाराचं पाणी थेंबथेंब सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून गेलेला अमोनिया खाली जसाच्या तसा येत राहिला. त्यानंतर मात्र खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा हा बदल थांबला. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही तो आपोआप सुरू झाला नाही. चिमूटभर बागेतली माती पाण्यात कालवून वरून ओतली, तेव्हा थोड्या दिवसांनी नायट्रेट परत येऊ लागलं.

हे काम नुसत्या रसायनाचं नसून वाळूच्या कणांवर वाढलेल्या जिवंत सूक्ष्मजीवांचं आहे, असं यातून सिद्ध झालं. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं हे जीवाणू वेगळे काढून दाखवले. कामाचे टप्पे दोन. जीवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही विषारीच असतं. ते माशाच्या रक्तात शिरतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. कल्ले तपकिरी पडतात. शेवटचं नायट्रेट मात्र मासे भरपूर सोसतात आणि वनस्पतींचं तर ते अन्नच. २०१५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांना दोन्ही टप्पे एकट्यानं पार पाडणारा जीवाणू सापडला, तोही मत्स्यपालनाच्या एका गाळण यंत्रणेत.

आता विहिरीचं कोडं सुटतं. ज्या शेवाळाला, गाळाला आणि बुळबुळीत भिंतींना आपण घाण म्हणतो, तिथंच हे जीवाणू वस्तीला असतात. नव्या, घासूनपुसून लख्ख केलेल्या टाकीत ते नसतातच, म्हणून टाकी जितक्यांदा घासावी तितक्यांदा मासे मरतात.

खडीचा वाफा कशासाठी?

हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून त्यांना जागा द्यायची. टाकीच्या गुळगुळीत भिंतींवर ती फारशी नसते. एक घमेलं खडीत भिंतींपेक्षा कितीतरी अधिक असते, कारण प्रत्येक खड्याला सर्व बाजू असतात. पाऊण इंचाच्या आतबाहेरची खडी सोयीची पडते. वाळू लवकर तुंबते आणि मोठे दगड जागा वाया घालवतात. आपल्या भागातला काळा पाषाण उत्तम, तो पाण्याचा पीएच बदलत नाही. संगमरवराचे किंवा चुनखडीचे तुकडे टाळावेत. शंका असेल तर खड्यावर व्हिनेगर टाकून पाहावं; फेस आला तर तो खडा नको.

क्रशरवरून आलेली खडी धुण्यातच अर्धा दिवस जातो. घमेल्यात पाणी ओतून हात फिरवला की पहिलं पाणी सिमेंट कालवल्यासारखं राखाडी निघतं. पाचव्या-सहाव्या पाण्याला हाताची बोटं दिसू लागतात, तेव्हा खडी वाफ्यात भरायच्या लायकीची झाली. ही भुकटी राहिली तर ती पंपात आणि माशांच्या कल्ल्यांत अडकते.

वाफा साधारण एक फूट खोल असावा. त्यात पाणी कायम तुडुंब ठेवायचं नसतं. भरायचं आणि रिकामं करायचं. पंपाला टायमर लावून पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद असं करता येतं. बिनटायमरची युक्ती म्हणजे घंटा-सायफन. वाफ्याच्या तळातून वर येणारा एक उघडा पाइप असतो, खडीच्या पृष्ठभागापेक्षा दोन इंच ठेंगणा. त्याच्यावर तोंड बंद केलेला जाड पाइप पालथा घालतात. या पाइपाला तळाशी फटी असतात. पाणी चढत आतल्या पाइपाच्या काठावर येतं आणि आत सांडू लागतं. धार पुरेशी झाली की पाइपातली हवा बाहेर ढकलली जाते, ओढ बसते आणि सगळा वाफा धडाधड रिकामा होऊ लागतो. पाणी तळाच्या फटींपर्यंत उतरलं की गुरगुर आवाज करत हवा आत शिरते, ओढ तुटते आणि वाफा पुन्हा भरू लागतो. यात एकही हलता भाग नाही.

पाणी उतरतं तेव्हा त्याच्यामागून हवा खडीत खेचली जाते. जीवाणूंना त्यांच्या कामासाठी प्राणवायू लागतो आणि मुळांनाही. सतत बुडालेल्या खडीत तो संपतो, मग दुसऱ्याच जातीचे जीवाणू माजतात आणि वाफ्याला कुजल्याचा वास येऊ लागतो. वरचा दोन इंचांचा थर कोरडा राहिला तर शेवाळ धरत नाही आणि झाडांची खोडंही सडत नाहीत.

विरजण आणि वाट पाहणं

टाकी मुरवण्याचं काम दुधाला विरजण लावण्याच्या जातीचं आहे. आधी जीवाणू घालायचे, त्यांना खायला द्यायचं, ऊब सांभाळायची आणि हलवाहलव करायची नाही. मात्र दही रात्रीत लागतं आणि टाकी मुरायला महिना ते दीड महिना लागतो. आतड्यातले काही जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. अमोनिया खाणाऱ्या जीवाणूंना दुप्पट व्हायला अर्धा दिवस, दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. आपल्याकडची उष्ण हवा त्यांना मानवते, एवढाच काय तो दिलासा.

विरजण म्हणजे एखाद्या जुन्या, निरोगी मत्स्यटाकीतली मूठभर खडी किंवा तिथल्या गाळणीचा स्पंज पिळून निघालेलं पाणी. तेही नसलं तरी जीवाणू हवेतून, धुळीतून येतातच, फक्त उशिरा. त्यांचं अन्न म्हणजे अमोनिया, आणि ते देण्यासाठी मासे सोडायची गरज नाही. कल्हईवाले जो नवसागर वापरतात, तो म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याचा शुद्ध प्रकार प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात मिळतो. दोनशे लिटरला दीड ग्रॅम टाकला की लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन होतो. तो नसला तर चिमूटभर माशांचं खाद्य टाकून कुजू द्यावं.

आता तपासणी. मत्स्यटाक्यांच्या दुकानात थेंबांचे संच मिळतात. छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे, हलवायचं आणि काही मिनिटांनी सोबतच्या पट्टीशी रंग ताडून पाहायचा. अमोनियाच्या बहुतेक संचांत पिवळा म्हणजे काही नाही आणि हिरवा गडद होत जाईल तितका अमोनिया जास्त. नायट्राइट असेल तर पाणी गुलाबी-जांभळ्याकडे झुकतं. पहिला आठवडाभर अमोनियाचा हिरवा हलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो फिका होऊ लागतो आणि नायट्राइटचा रंग चढतो. आणखी काही दिवसांनी तोही उतरतो. संध्याकाळी नवसागराची पूर्ण मात्रा टाकली आणि दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की टाकी मुरली. मासे त्यानंतर.

एमआयडीसीतली पथ्यं

*पिंपाचा इतिहास.* भंगारवाल्याकडचा दोनशे लिटरचा निळा पिंप किंवा जाळीच्या पिंजऱ्यातली हजार लिटरची टाकी स्वस्तात मिळते, पण तिच्यात आधी काय होतं ते विचारावं. औद्योगिक पट्ट्यात या पिंपांतून रंगांची मध्यस्थ रसायनं, द्रावकं, आम्लं, कीटकनाशकांचा कच्चा माल असं काहीही आलेलं असू शकतं. तेलकट द्रावकं प्लास्टिकच्या अंगात मुरतात. साबणानं पिंप धुतला, वास गेला, तरी पुढे महिनोन्‌महिने ती पाण्यात उतरत राहतात. खाद्यतेल, साखरेचा पाक, फळांचा गर यांचा पिंप चालतो, तोही मूळ लेबल शाबूत असेल तर. लेबल खरवडलेला किंवा धोक्याचं चित्र असलेला पिंप कितीही कमी पैशात मिळाला तरी नको. ही भाजी आपण खाणार आहोत.

*पाणी.* अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून मिळणारं पाणी उल्हास नदीवरच्या बदलापूर बंधाऱ्यातून आणि चिखलोली धरणातून येतं. कारखान्यांना एमआयडीसीचं पाणी बारवी धरणातून. नळाला येणारं पाणी क्लोरीन घातलेलं असतं. आपल्याला ते सुरक्षित, पण मासे आणि जीवाणू या दोघांनाही घातक. उघड्या पिंपात ते दिवस-दोन दिवस ठेवलं की क्लोरीन उडून जातो. हवेचे बुडबुडे सोडले तर लवकर. घाईच असेल तर दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत. पिंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधावं, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल. वालधुनी नदीचं किंवा नाल्याचं पाणी मात्र कधीच वापरू नये. २०१४ मध्ये या नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं, तेव्हा उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला होता.

*धातू.* तांब्याचे किंवा पितळेचे नळजोड आणि जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे पाण्याला लागू देऊ नयेत. तांबं आणि जस्त माशांना अगदी थोड्या मात्रेतही बाधतं. त्याच कारणानं भाजीवर तांबं असलेलं बोर्डो मिश्रण फवारता येत नाही, आणि कीटकनाशकही नाही. मावा पडला तर पाण्याच्या धारेनं झाडावा किंवा पान खुडून टाकावं.

*वजन.* एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि पाण्यानं भरलेली खडी लिटरला दोन किलोच्या जवळ. दोनशे लिटरची टाकी आणि दीडशे लिटरचा वाफा मिळून पाचशे किलोच्या जवळ जातात. भारतीय मानकांनुसार घराची बाल्कनी एका चौरस मीटरवर सुमारे तीनशे किलो भार धरून आखतात, आणि त्यात माणसंही आली. तेव्हा एवढी मांडणी तळमजल्याच्या अंगणात किंवा गाळ्यामागच्या जमिनीवरच करावी. बाल्कनीत साठ-सत्तर लिटरचा टब आणि पन्नास लिटरचा उथळ वाफा पुरे, तोही भिंतीलगत.

किती मासे, किती भाजी?

नवशिक्या विचारतो, ‘मासे किती सोडू?’ खरं तर हिशेब माशांचा नसून खाद्याचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१४ साली छोट्या ॲक्वापॉनिक्सवर एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्याचा ठोकताळा असा: एक चौरस मीटर पालेभाजीला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य. टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम.

आपला दीडशे लिटरचा, फूटभर खोल वाफा अर्ध्या चौरस मीटरचा. त्याला रोज २० ते २५ ग्रॅम. वाढते मासे रोज आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के खातात, म्हणजे एकूण एक-सव्वा किलो मासे हवेत. दोनशे लिटरमध्ये ते आरामात राहतात. आता अडचण लक्षात येईल. बाजारातून आणलेला मासा दहा-पंधरा ग्रॅमचा असतो. असे दहा मासे दिवसाला जेमतेम दोन-तीन ग्रॅम खातात. एवढ्यावर अर्धा चौरस मीटर पालक पोसला जात नाही. पानं पिवळी पडतात आणि माणूस दोष देतो बियाण्याला. म्हणून आधी वाफ्याचा एक कोपरा लावावा आणि मासे वाढतील तसा तो वाढवत न्यावा.

खाद्य पाच-दहा मिनिटांत संपेल एवढंच टाकावं. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, अमोनिया वाढवतं आणि प्राणवायू खातं.

मासे कोणते? फक्त भाजी हवी असेल तर गोल्डफिश किंवा कोई उत्तम, आणि बाल्कनीच्या टबाला गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकाही ते वाटतात. रोहू-कटल्याला तळ्याची मोकळीक लागते, टबात ते रमत नाहीत. खाण्यासाठी जगभर तिलापिया पाळतात, कारण तो गर्दी आणि मळकट पाणी सोसतो. पण १९५२ साली भारतात आणलेल्या मोझांबिक तिलापियानं इथल्या जलाशयांत बेसुमार वाढून देशी माशांची जागा बळकावली, हा अनुभव आहे. तेव्हा टबातला कुठलाही परका मासा तळ्यात किंवा उल्हास नदीत सोडू नये. आफ्रिकन मागूर पाळायला तर देशात बंदीच आहे.

भाज्यांत पालक, माठ, पुदिना, आळू आणि नाळीची भाजी सोप्या. मुळा-गाजर खडीत वेडेवाकडे होतात.

पान आणि पीएच

दोन-तीन महिन्यांनी नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर लोह कमी पडलं. माशांच्या खाद्यात ते झाडाला पुरेल इतकं नसतं. चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील अशा रूपातलं लोह थोडंसं द्यावं. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅश कमी आहे असं समजावं.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, त्यामुळे पीएच हळूहळू उतरत जातो. धरणाचं पावसाळी पाणी मृदू असेल तर तो लवकर उतरतो, कारण त्यात आम्ल शोषून घेणारे क्षार कमी असतात. तो ६ च्या खाली गेला की जीवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साचू लागतो. माशांना थोडा चढा पीएच बरा, झाडांना उतरता, जीवाणूंना चढा. ७ च्या आसपास तिघांचं जमतं. तो उतरला तर विरलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, चमचा-अर्धा चमचा पाण्यात कालवून, चार-पाच दिवसांत विभागून द्यावं. एकदम चढवला तर आधी पाहिलं तसा अमोनिया जहाल होतो.

उन्हाळा आणि गेलेली वीज

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसात. माशांना पाचच्या वर हवा. बदलापूर-अंबरनाथच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उघड्यावरच्या टाकीत ही शिल्लक फारच थोडी उरते. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले तर ते भुकेनं नव्हे. रात्रभर मासे, झाडं, जीवाणू सगळ्यांनी मिळून प्राणवायू संपवलेला असतो. टाकीवर शेडनेट, बाजूला झाडाची सावली आणि सततचे बुडबुडे हे उपाय.

वीज गेली की पंप थांबतो, आणि गर्दीच्या टाकीत काही तासांत मासे मरू शकतात. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असलाच पाहिजे. मुख्य पंप २५ वॅटचा असेल तर महिन्याला अठरा युनिट लागतात.

थोडक्यात

- खडी धुवा, पाणी क्लोरीनमुक्त करा, मांडणी चालू करा. मासे सोडू नका.
- जुन्या टाकीतलं विरजण आणि मोजून नवसागर. दर दोन-तीन दिवसांनी तपासणी.
- चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट शून्य होऊ लागले की थोडे मासे सोडा.
- खाद्य मोजून घाला. भाजी माशांच्या खाण्याच्या मापानं लावा.
- टाकी मुरल्यावर खडी आणि गाळणी नळाच्या पाण्यानं धुऊ नका. टाकीतल्याच पाण्यात हलकेच विसळा.
- रसायनाचा पिंप, तांबं, जस्त, कीटकनाशक यांना थारा नाही.

पदरात काय पडतं?

अर्ध्या चौरस मीटरवर घर चालत नाही. आठवड्याला एक-दोन वेळची पालेभाजी आणि पुदिना मिळाला तरी चांगलं. बियाणं, खाद्य, वीज, तपासणीचे थेंब धरले तर ती बाजारातल्या जुडीपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. बचत होते ती पाण्याची. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी अनेक वर्षं चालवलेल्या मोठ्या मांडणीत रोज एकूण पाण्याच्या दीड टक्काच नवं पाणी लागे. आपल्या दोनशे लिटरला ते तीन लिटर होतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटीत ही गोष्ट लहान नाही.

आणि एक समज मिळते, जी गावाच्या कामाची आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्यांदा पाणी पूर्ण स्वच्छ व्हायला पाच आठवडे लागले. त्यांनी तळाचा गाळ न फेकता त्यावरच नवं सांडपाणी ओतलं, पुन्हा ओतलं, आणि शेवटी तेच काम एका दिवसात होऊ लागलं. गाळ हेच विरजण होतं. जगभरची सांडपाणी केंद्रं आज बहुतांशी याच तत्त्वावर चालतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत, आणि अशा केंद्रांतला जैविक टप्पा सूक्ष्मजीवांवरच उभा असतो.

टब चालवलेल्या माणसाला मग एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एखाद्या कारखान्यानं प्राथमिक प्रक्रिया न करता आम्ल किंवा द्रावक सोडून दिलं, तर पॅरिसच्या नळीत क्लोरोफॉर्मनं जे केलं तेच केंद्रातल्या गाळाचं होतं. यंत्रं चालू असतात, हवेचे बुडबुडे येत असतात, पाणी पुढे जात असतं, पण काम करणारे मेलेले असतात. ते पुन्हा वाढायला आठवडे लागतात आणि त्या आठवड्यांत सगळं तसंच नदीत जातं. म्हणून केंद्राला भेट देण्याची संधी मिळाली तर यंत्राच्या क्षमतेचा आकडा जरूर विचारावा, पण त्याआधी विचारावं: गाळ जिवंत आहे का, आणि अमोनिया शेवटचा कधी मोजला?